सुबाभळीवर कोयता चालवण्याआधी

आजची नोंद थोडी रागात लिहितोय, सांभाळून घ्या.

परवा सकाळी पाणी धरायला गेलो तर शेजारच्या तात्यांच्या बांधावरची सुबाभळीची रांगच दिसेना. चाळीसेक झाडं होती, पंधरा वर्षांची. उन्हाळ्यात छाटून शेळ्यांना घालायची, पाऊस पडला की परत हिरवीगार. सगळी बुडापासून तोडून सरपणाचा ढीग लावलेला. मी विचारलं, "तात्या, हे काय केलं?" तर म्हणाले, "आरं, विषारी हाय म्हणं ती. दोन शेळ्यांचं केस गळालं, लाळ गाळाय लागल्या. पेंडवाला आलता, त्यानं मोबाइलवर दाखवलं. उगा जनावराचा जीव जायचा."

पेंडवाला म्हणजे पशुखाद्य विकणारा एक माणूस. जाताना गोळी पेंडीची दोन पोती उतरवून गेला, झाडं तोडायचा सल्ला त्यावर फुकट. त्याचं नाव घेण्यात अर्थ नाही, असा एक तरी माणूस तुमच्याही गावात येत असेल.

मी गोठ्यात जाऊन शेळ्या बघितल्या. एकूण सहा. चार जुन्या, घरच्याच पैदाशीच्या. दोन फेब्रुवारीत बाजारातून आणलेल्या. केस गेलेत ते त्या दोन नव्यांचेच. जुन्या चार त्याच भाऱ्यातला तोच पाला खाऊन ठणठणीत आहेत, त्यातली एक तर दोन करडं पाजतेय. तात्यांना विचारलं, नव्या शेळ्यांना पाला कधीपासून घातला? "आणल्या त्या दिसापासनं. दुसरं होतं काय घरात? कडबा संपलेला." म्हणजे माळावर बोरी-बाभळी खाऊन आलेली शेळी पहिल्या दिवसापासून नुसत्या सुबाभळीवर.

आता मला सांगा, पाला विषारी होता तर चारजणींना का बाधला नाही? हा साधा प्रश्न पेंडवाल्याला पडला नाही, तात्यांना पडला नाही आणि फोनवर "पाला बंद करा" म्हणणाऱ्यालाही पडला नाही. दोनच शेळ्यांचे केस खरजेने गेले असतील, क्षार कमी पडले असतील, काहीही असेल. कोणी कातडी खरवडून बघितली नाही की मूत तपासलं नाही. निकाल मात्र लागला आणि शिक्षा झाडाला झाली.

हाच प्रश्न ऑस्ट्रेलियातल्या एका माणसाने चाळीस वर्षांपूर्वी विचारला होता. त्याने तो नीट तडीस नेला म्हणून आज त्याचं नाव एका जिवाणूला आहे. त्याची गोष्ट सांगतो. पण त्याआधी पोटाबद्दल चार ओळी, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांचं पहिलं मोठं पोट म्हणजे कोठीपोट, डॉक्टर ज्याला रुमेन म्हणतात. आपण म्हणतो गाय कडबा पचवते. गाय कडबा पचवत नाही. तिच्या अंगात कडब्यातलं काष्ठ तोडणारा रसच तयार होत नाही. ते काम कोठीपोटातले जिवाणू, एकपेशीय प्राणी आणि बुरश्या करतात. त्या रसाच्या एका मिलिलिटरमध्ये, म्हणजे वीसेक थेंबांत, हजार कोटींच्या आसपास जिवाणू असतात. तिथे हवा नाही, ऊब 39 अंशांच्या आसपास, आणि चोवीस तास आंबवण चालू. त्या आंबवणातून जी आम्लं निघतात त्यावर जनावराची साधारण सत्तर टक्के ऊर्जा भागते. आणि ते जिवाणू पुढच्या पोटात वाहून गेले की तिथे तेच पचतात, जनावराच्या प्रथिनाचा मोठा वाटा हे मेलेले जिवाणूच असतात. म्हणजे गव्हाणीत आपण जे टाकतो ते आधी त्यांचं जेवण, मग जनावराचं.

हे बिनहवेचे जिवाणू प्रयोगशाळेत कसे वाढवायचे, हे दाखवून दिलं अमेरिकेतल्या रॉबर्ट हंगेट यांनी. त्यांचं 1966 चं रुमेनवरचं पुस्तक आजही या विषयाचा पाया मानतात. कृषी पदवीधर मंडळींनी नाव ऐकलं असेल, परीक्षेपुरतं.

आता मूळ गोष्ट.

सुबाभूळ मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. वाळल्या पाल्यात वीस-पंचवीस टक्के प्रथिनं, खोल मुळं, तोडली की फुटणार. उत्तर ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमध्ये, मोठमोठ्या कुरणांत ती लावली. सुरुवातीला गुरं झपाट्याने भरली. पण सलग खायला लागली की वजन वाढायचं थांबलं. शेपटीचे केस गेले, तोंडातून लाळ, गळ्याजवळची थायरॉइड ग्रंथी सुजायला लागली, वासरं अशक्त जन्मली. कारण माहीत होतं. पाल्यात मायमोसिन नावाचं द्रव्य असतं, केस जातात ते त्याने. कोठीपोटात त्याचं रूपांतर डीएचपी नावाच्या दुसऱ्या द्रव्यात होतं आणि ते थायरॉइडचं काम बिघडवतं. मायमोसिनचं डीएचपी करणं ही पहिली पायरी, ती सोपी आहे, बहुतेक कोठीपोटांना जमते. पुढे डीएचपी तोडणं ही दुसरी पायरी. ऑस्ट्रेलियातल्या गुरांचं गाडं तिथेच अडत होतं.

इथपर्यंत सगळे पेंडवाल्यासारखेच बोलत होते. झाड विषारी, तेव्हा कमी घाला, नाहीतर मायमोसिन नसलेली जात शोधा.

टाउन्सव्हिलला सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या डेव्हिस प्रयोगशाळेत रेमंड जोन्स काम करायचे. माणूस मुळात कुरणाचा, चाऱ्याचा. त्यांना एक गोष्ट खटकत होती. हवाईत गुरं-शेळ्या पिढ्यान्‌पिढ्या हीच सुबाभूळ खातात. इंडोनेशियातही. तिथे गलगंड नाही, केसगळती नाही. झाड तेच, द्रव्य तेच. मग फरक कुठे? कोणी म्हणे जमिनीत, कोणी म्हणे हवामानात, कोणी म्हणे जनावराच्या जातीत. जोन्स म्हणाले, पोटात बघा. 1981 साली त्यांनी हा प्रश्न तिकडच्या पशुवैद्यकांच्या नियतकालिकात लिहूनच टाकला: हवाईतली जनावरं वाचतात ती त्यांच्या कोठीपोटात या द्रव्याचं काही वेगळं होतं म्हणून तर नाही?

मग नुसती कल्पना लढवत बसले नाहीत. मूत तपासलं. ऑस्ट्रेलियातल्या शेळीला सुबाभूळ घातली की मुतात डीएचपी भरपूर उतरायचं. हवाईतल्या शेळीला तोच पाला पोटभर घातला तरी फारसं उतरत नव्हतं. म्हणजे ते शरीरात जाण्याआधीच कुठेतरी संपत होतं.

पुढची पायरी मला सगळ्यात आवडते. इंडोनेशियातल्या शेळीच्या कोठीपोटातला रस घेतला आणि ऑस्ट्रेलियन शेळीच्या कोठीपोटात सोडला. ती शेळी डीएचपी तोडायला लागली. औषध नाही, जात बदलली नाही, झाड बदललं नाही. एका शेळीच्या पोटातलं दुसरीच्या पोटात गेलं, बस. जोन्स आणि त्यांचे सहकारी लाउरी यांनी हे 1984 मध्ये छापलं. 1986 मध्ये जोन्स आणि मेगारिटी यांनी हवाईतल्या शेळ्यांमधले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांत रुजवून दाखवले. तो नेमका जिवाणू वेगळा काढून ओळखायचं काम अमेरिकेत आयोवामधल्या मिल्टन ॲलिसन यांनी सहकाऱ्यांबरोबर केलं आणि 1992 मध्ये त्याला नाव दिलं सिनर्जिस्टीस जोन्सी. जोन्सचा म्हणून जोन्सी.

हा जिवाणू मोठा मजेशीर आहे. कडब्यातलं काष्ठ, धान्यातली पिष्ठं, साखर, यातलं काही खात नाही. डीएचपी आणि एक-दोन अमिनो आम्लं, यावरच त्याचं पोट. म्हणजे जनावराचं विष ही त्याची भाकरी! सुबाभूळ बंद केली की त्याचा शिधा तुटतो, तो अगदी थोडा उरतो. तात्यांनी झाडं तोडली तेव्हा त्या चार जुन्या शेळ्यांच्या पोटात असे काही कामकरी असतील, तर त्यांचाही शिधा तोडला.

पुढे क्वीन्सलँडच्या शासकीय खात्याने हे जिवाणू असलेलं द्रावण तयार करून पशुपालकांना पुरवलं. सगळ्या जनावरांना पाजायची गरज नाही, कळपातल्या थोड्यांना पाजलं तरी एकाच्या लाळेतून, शेणातून दुसऱ्याकडे जातं.

आता माझं भांडण कोणाशी आहे ते सांगतो.

पहिलं भांडण पेंडवाल्याशी. त्याने मोबाइलवर दाखवलं ते खोटं नव्हतं. मायमोसिन आहेच. घोडा, डुक्कर, कोंबडी, ससा यांना कोठीपोट नसतं, त्यांना ते जास्त बाधतं, तिथे जपूनच वागावं. पण शेळीची गोष्ट घोड्याची नाही. अर्धं वाक्य दाखवायचं आणि उरलेल्या अर्ध्याच्या जागी पोतं उभं करायचं, हा धंदा झाला. बांधावरचा फुकटचा पंचवीस टक्के प्रथिनाचा पाला विष ठरवला की पोत्यातलं वीस टक्के प्रथिन आपोआप अमृत ठरतं. हिशोब कोणाच्या बाजूने लागला ते तुम्हीच बघा. दुधाचा दर कोण ठरवतं, पेंडीचा दर कोण ठरवतं, हे मी लिहायला नको. दोन्ही आपल्या हातात नाहीत. बांधावरचा पाला तेवढा हातात होता.

आणि पोत्याने पोट बिघडत नाही का? भरडा, गोळी पेंड एकदम वाढवली की कोठीपोटात आम्ल वाढतं. लग्नातला उरलेला भात-चपात्या गाईपुढे ओतल्या आणि दुसऱ्या दिवशी गाय आडवी, असं एकही गाव नसेल. तिथे तांदूळ विषारी होता का? पिष्ठ खाणारे जिवाणू एका रात्रीत माजले, आम्ल झालं, काष्ठ तोडणारे मेले. तेच तत्त्व आहे. पण तेव्हा कोणी येऊन म्हणत नाही की भाताचं खाचर मोडून टाका.

दुसरं भांडण बाटलीवाल्यांशी. ही जोन्सची गोष्ट कुठे थोडी जरी पसरली तर उद्या "सुबाभूळ पचवणारे जिवाणू" म्हणून पुड्या निघतील, हे लिहून ठेवा. आत्ताच दुकानात कोठीपोटाच्या जिवाणूंच्या नावाने काय काय मिळतं ते बघा. ज्यांना हवेचा वारासुद्धा सोसत नाही असे जिवाणू चैत्राच्या उन्हात टपरीवर ठेवलेल्या पुडीत जिवंत राहतात का, एवढं तरी दुकानदाराला विचारा. यीस्ट वगैरे काही गोष्टींचा उपयोग होतो, ते वेगळं. पण सिनर्जिस्टीस जोन्सी हा त्यातला नाही.

शिवाय ती गोष्ट तिकडेही बाटलीपाशी संपलेली नाही. 2000 नंतर क्वीन्सलँडमध्ये कळपांचं मूत तपासलं, तर द्रावण पाजलेल्या काही कळपांतही डीएचपी उतरत होतं. जोन्सच्या नंतर आलेल्या संशोधकांनी पुढे इंडोनेशियात बघितलं. तिथे तिमोर, सुंबावा या भागातले शेतकरी बैलांना जवळजवळ नुसत्या सुबाभळीवर तयार करून विकतात. त्या जनावरांच्या मुतात डीएचपी होतं, पण बरंचसं यकृताने दुसऱ्या द्रव्याला बांधून निरुपद्रवी केलेलं. म्हणजे नवीन जनावर काही आठवडे सवय करून घेतं, त्यात पोटातल्या जिवाणूंचा वाटा किती आणि यकृताचा किती, यावर शास्त्रज्ञ आता वाद घालतायत. हा जिवाणू थोड्या प्रमाणात बऱ्याच ठिकाणच्या जनावरांत आधीपासूनच असतो, असंही त्यांच्या तपासणीत आलं.

काही मित्र म्हणतील, मग जोन्स चुकला का? मला तसं वाटत नाही. त्याने प्रश्न झाडावरून काढून जनावराच्या आत नेला, आणि उत्तर मोजून दाखवलं. पुढच्यांनी त्याच रस्त्याने जाऊन त्यात भर घातली. आणि आपल्या कामापुरतं बघितलं तर दोन्ही बाजू एकच सांगतात: जनावराला वेळ द्या. जिवाणू असो की यकृत, तयारीला आठवडे लागतात, एक सकाळ पुरत नाही.

तिसरं भांडण जरा घरातलं आहे, आपल्या शिकलेल्या लोकांशी. सुबाभूळ आपल्याकडे वाजतगाजत आली. मणिभाई देसाईंच्या उरुळीकांचनच्या बाएफने सत्तर-ऐंशीच्या दशकात के-8 जातीचा मोठा प्रसार केला. चारा, सरपण, जमिनीला नत्र, सगळं एका झाडात. 1977 मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने या झाडावर अख्खा अहवाल काढला होता. त्या काळात ज्यांनी लावली त्यांच्या बांधावर अजून आहे. मग काय झालं, 1988 च्या सुमारास शेंडे खाणारी सिलिड कीड आली, मायमोसिनची बातमी आली, बी पडून रान माजतं अशी तक्रार आली, आणि बघता बघता कल्पवृक्षाचं भूत झालं. पुस्तिकांत आजही एक ओळ असते, "सुबाभळीचा पाला एकूण चाऱ्याच्या तीस टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नये". चांगली ओळ आहे, मी स्वतः पाळतो. पण ती ओळ कोणत्या जनावरासाठी? काल बाजारातून आणलेल्या, की तीन पिढ्या सुबाभळीवर वाढलेल्या? ते लिहिलेलं नसतं. चाऱ्याच्या तक्त्यात प्रथिनं, काष्ठ, राख, विषारी द्रव्य, सगळ्याला रकाना असतो. खाणाऱ्याने याआधी काय खाल्लं याला रकाना नसतो. तात्यांच्या गोठ्यातला फरक त्या न लिहिलेल्या रकान्यातला होता, असा माझा अंदाज आहे.

अंदाज म्हणतोय, कारण तपासणी झालेली नाही. आणि तपासणी अवघड नाही. मुतात डीएचपी आहे का हे बघायला फेरिक क्लोराइड टाकून रंग बदलतो का बघायची पद्धत आहे, ऑस्ट्रेलियात वापरतात. यकृताने बांधलेलं डीएचपी तसं दिसत नाही, आम्लात तापवून आधी मोकळं करावं लागतं, एवढी काळजी घ्यायची. आपल्या कृषी विज्ञान केंद्रात, पशुवैद्यकीय महाविद्यालयात हे सहज होण्यासारखं आहे. या पानावर बरेच विषयतज्ज्ञ आहेत, तुम्हाला हात जोडून विनंती आहे. उन्हाळ्यात एका तालुक्यातल्या वीस-तीस गोठ्यांतलं मूत घ्या, जुनी जनावरं वेगळी, नवी वेगळी. एमएस्सीच्या एखाद्या पोराचा प्रबंध होऊन जाईल, आणि आम्हाला आमच्या शेळ्यांबद्दल सांगायला क्वीन्सलँडच्या शेळ्या आणाव्या लागणार नाहीत.

चौथं भांडण आपल्याशीच. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा हेच केलंय. दोन वर्षांपूर्वी चारा टंचाईत एका गाईला कडब्यावरून एकदम उसाच्या वाढ्यावर नेलं, दोन दिवस रवंथ बंद. तेव्हा मीही वाढ्याला शिव्या दिल्या होत्या. आपल्याला जनावर दिसतं, पोटातली फौज दिसत नाही, म्हणून आपण चारा बदलतो तसा सदरा बदलतो. सदरा लगेच बदलतो, फौज बदलत नाही.

माझ्या गोठ्यात मी काय करतो ते सांगतो, नियम म्हणून नाही, नोंद म्हणून. नवीन शेळी आली की पहिले चार-पाच दिवस तिला पूर्वीचाच चारा, मालकाला विचारून घेतो काय खात होती. मग मूठभर सुबाभूळ, दर दोन-तीन दिवसांनी थोडी वाढवत, तीन आठवड्यांनी तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. तोवर ती जुन्या शेळ्यांच्या शेजारीच बांधलेली असते, एकाच गव्हाणीत तोंड, एकाच डोणीत पाणी. (पण बाजारातून आणलेलं जनावर आठ-पंधरा दिवस लांब ठेवायचं असतं, रोगराईमुळे. तो काळ आधी पाळायचा, मग शेजार. दोन्ही गोष्टी एकदम होत नाहीत.) नुसते कोवळे शेंडे खुडून घालत नाही, मायमोसिन तिथेच जास्त असतं. फांदी घालतो, जून पानासकट. सोबत कडबा किंवा तुरीचा भुसा असतोच. गाभण शेळीला शेवटच्या महिन्यात हात आखडता. क्षार मिश्रण रोज.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. बरेच जण सांगतात, पाला सुकवून घातला की विष जातं. अर्धंच खरं आहे. पाला तोडून कोमेजला की पानातल्याच रसाने मायमोसिन कमी होतं, पण ते होतं कशात? डीएचपीमध्येच. म्हणजे केस गळायचे कमी होतील, गळ्याची भानगड शिल्लक राहील. सुकवणं वाईट नाही, साठवायला चांगलंच आहे. पण सुकवला म्हणून पहिल्या दिवशी पाटीभर घालायचा नाही.

आणि ज्यांच्या जनावराला खरोखर त्रास दिसतोय, केस जातायत, लाळ गळतेय, खाणं सुटलंय, त्यांनी पाला थांबवा, डॉक्टर बोलवा. माझं लिहिणं वाचून पाला चालू ठेवू नका. थांबवणं वेगळं आणि झाड मुळासकट काढणं वेगळं, एवढंच म्हणतोय. पाला थांबवला तर उद्या परत सुरू करता येतो.

काल संध्याकाळी तात्यांकडे परत गेलो. हे सगळं जमेल तसं सांगितलं. जोन्स, हवाई, जिवाणू. तात्या बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजी आमच्या काळ्या शेळीच्या पोटातला रस त्या नव्या शेळीला दिला आस्ता तर भागलं आस्तं?" मी म्हणालो, तात्या, नक्की सांगता येत नाही, आणि घरच्या घरी नळी घालायच्या भानगडीत पडू नका, रस फुप्फुसात गेला तर शेळी जागेवर जाईल. पण तुमचा प्रश्न बरोबर आहे, तो माणूस हाच प्रश्न विचारून मोठा झाला. तात्या हसले. काकू आतून म्हणाल्या, "मंग ह्यांनी चाळीस झाडं तोडायच्या आधी इचारायचं की!"

नव्या दोन शेळ्यांचा पाला दहा दिवसांपासून बंद आहे, एकीची लाळ थांबलीय. शनिवारी डॉक्टर येणार आहेत, खरूज आहे का तेही बघून घेतील. जे निघेल ते इथे लिहीन, माझा अंदाज चुकला तरी लिहीन.

बांधावर फेरी मारली. सुबाभळीचे बुडखे जमिनीबरोबर आहेत, पण मुळं शाबूत आहेत, जेसीबी लावलेला नाही. तात्यांना एवढंच सांगून आलो की बुडख्यावर काही ओतू नका, पाऊस झाला की फुटवे येतील. फुटवे आले की त्या दोघींना मुठीने सुरू करायचं ठरलंय.

तुमच्याकडे बाजारातून आणलेल्या शेळ्या सुबाभळीवर असतील तर खाली लिहा: कुठून आणल्या, किती दिवसांत किती पाला, काय दिसलं. काही झालं नसेल तरी लिहा, तेही तितकंच कामाचं आहे.